एकशे अठ्ठावीस पौंड

लोगन्सपोर्ट, इंडियाना
६ मार्च १९९४

श्री. ऑरिन टॅकेट यांना,

मी वेंडेल क्राइडर, जोनेलचा नवरा. आपली भेट एकदाच झाली, चार वर्षांपूर्वी आमच्या लग्नात. तुम्ही माझ्याशी टेनेसीतल्या पावसाबद्दल दहा मिनिटं बोललात आणि केक कापायच्या आत निघून गेलात. पत्र बघून नवल वाटेल, पण काम तुमच्याशिवाय होणारं नाही.

तुमच्या भावाची, म्हणजे जोनेलच्या पहिल्या नवऱ्याची, हार्लनची, अडुसष्ट सालची शेव्हेल गाडी अजून आमच्या गॅरेजात आहे. तो गेला तेव्हापासून ताडपत्रीखाली होती, लग्नानंतर मीच ती बाहेर काढली. सरळ रस्त्यावर वाघीण आहे, पण वळण आलं की अंग टाकते. आता मी ती खालून नवी करायची ठरवली आहे. चॅसीच्या, म्हणजे खालच्या लोखंडी चौकटीच्या, उघड्या पन्हाळ्या पट्ट्या मारून बंद करायच्या, स्प्रिंगा, शॉकअप, सांध्यांतले बुश सगळं नवीन, पुढे डिस्क ब्रेक. मी घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करणारा माणूस. वेल्डिंग येतं, पण गाडीचं नाही. तुम्ही आयुष्यभर मातीवरच्या शर्यतींच्या गाड्यांच्या चॅसी बांधल्यात. दोन शब्द सांगितलेत तर उपकार होतील.

आणि खोटं कशाला बोलू? या गावात तिला अजून 'हार्लनची गाडी' म्हणतात. पेट्रोल मी भरतो, धुतो मी, आणि पंपावरचा माणूस विचारतो, हार्लनची गाडी कशी आहे? माझी आई म्हणायची, मेल्या म्हशीला मणभर दूध. तेही चाललं असतं. पण जोनेल त्या गाडीकडे बघते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे येतं, ते माझ्याकडे बघताना कधी येत नाही. ही गाडी खालून माझी झाली तर कदाचित येईल. हसायचं तर हसा.

आपला,
वेंडेल क्राइडर


कुकव्हिल, टेनेसी
१५ मार्च १९९४

वेंडेल,

हसलो नाही. पत्र दोनदा वाचलं.

आयत्या बिळावर नागोबा होणं सोपं असतं, बीळ खणणाऱ्याला विसरायला लावणं अवघड. तुझी हौस आहे तर कर. पण एक सांगतो ते आधी कर, नाहीतर मला परत लिहू नको.

एकही नट सैल करायच्या आत गाडीचं वजन घे. चार चाकांखाली चार काटे. तुमच्याकडे मातीवर गाड्या पळवणारे पुष्कळ आहेत, कुणाकडूनही माग. मग तिरपी बेरीज कर, डावं पुढचं अधिक उजवं मागचं, आणि उजवं पुढचं अधिक डावं मागचं. दोन्ही बेरजा सारख्या आल्या तर गाडी डावीकडे वळते तशीच उजवीकडे वळते. मागच्या स्प्रिंगांच्या डोक्यावर हार्लनने स्क्रू बसवलेत, ते फिरवून हा तोल जमवतात. काटे बघताना चालवणाऱ्याच्या जागी चालवणारा बसलेला हवा, रिकाम्या गाडीचा तोल काढून उपयोग नसतो.

आकडे लिहून ठेव. उघडलेली चॅसी पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही.

जोनेल कशी आहे ते तू लिहिलं नाहीस.

ऑरिन


लोगन्सपोर्ट
११ एप्रिल १९९४

श्री. ऑरिन यांना,

जोनेल बरी आहे. शाळेच्या ग्रंथालयात जाते, गुरुवारी चर्चमध्ये गाते. गेल्या महिन्यात तिने केस कापून घेतले, मला आवडले.

काटे मिळाले. मी स्वतः चालवायच्या जागी बसलो आणि शेजारच्या डेलबर्टने आकडे वाचले. तुम्हाला वाईट वाटेल, पण सांगितलंच पाहिजे. तिरप्या बेरजांत बावीस पौंडांचा फरक आहे. डावा स्क्रू एवढा, उजवा तेवढा, काही मेळच नाही. मी दोनदा वाचायला लावलं, फरक तोच. म्हणजे ज्याच्या हाताची सगळा जिल्हा तारीफ करतो त्या हार्लनने गाडी वाकडी ठेवली होती. डेलबर्ट काटे आवरायला लागला. तो हार्लनचा दोस्त.

मी काही कुणाच्या चुका काढायला बसलेलो नाही. पण त्या दिवशी जेवताना मला दोन घास जास्त गेले, हे कबूल करतो. जोनेलला मी काहीच बोललो नाही. फक्त म्हटलं, गाडीत बऱ्याच गोष्टी सुधाराव्या लागणार आहेत. तिने बटाट्याचा वाडगा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "असतील."

पुढे काय करू ते कळवा.

आपला,
वेंडेल


कुकव्हिल
२० एप्रिल १९९४

वेंडेल,

माझ्या भावाने आयुष्यात बिल चुकवलं असेल, चर्च चुकवलं असेल, माझा वाढदिवस तर दर वर्षी चुकवायचा. पण स्क्रू अर्धा आटाही चुकीचा ठेवला नाही. तो गाडी चालवणाऱ्याच्या वजनाला लावायचा, पौंडापर्यंत. तुझं वजन किती?

तुझ्या बुडाखाली काटा खोटं बोलला यात हार्लनचा काय दोष? आपल्याला वाकडं दिसलं म्हणून अंगण वाकडं होत नाही.

पन्हाळ्या बंद करताना पट्टी एका दमात वेल्ड करू नको, चॅसी पिळवटेल. इंचभर इथे, मग इंचभर पलीकडच्या टोकाला, मध्ये गार होऊ दे. बुश रबरी नको, कडक घे.

ऑरिन


लोगन्सपोर्ट
८ मे १९९४

श्री. ऑरिन,

माझं वजन दोनशे पंचेचाळीस पौंड आहे. ते विचारायची तुमची पद्धत मला आवडली नाही, पण तुमचं बोलणं डोक्यातून जाईना. म्हणून चॅसी उघडण्याआधी काटे आणखी एका शनिवारसाठी मागून आणले.

हार्लनचं वजन डेलबर्टला माहीत होतं, दोनशे पंधरा. तळघरात पाणी मृदू करायच्या मिठाच्या पिशव्या असतात ना, चाळीस पौंडांच्या, त्या पाच आणि वर पंधरा पौंडांचं लोखंड, असं त्याच्या जागी मांडलं आणि पट्टा बांधला. तरी सोळाचा फरक. म्हणजे ती गाडी हार्लनच्याही वजनाला लावलेली नव्हती. मग मी हट्टाला पेटलो. पिशव्या एकेक काढत गेलो. तीन पिशव्या आणि माझा आठ पौंडी घण एवढंच राहिलं, तेव्हा दोन्ही बेरजा अगदी सारख्या आल्या.

एकशे अठ्ठावीस पौंड, ऑरिन. एकशे अठ्ठावीस पौंडांचा पुरुष मी या जिल्ह्यात पाहिलेला नाही.

तर तुमच्या साधू भावाच्या गाडीत चालवायला बाई बसत होती. एक-दोनदा नव्हे. तिच्यासाठी त्याने स्क्रू पौंडापर्यंत लावले, एवढी ती रोजची होती. कोण होती ती? तुम्हाला माहीत असणार, तुम्ही भाऊ. मी आठ वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाशी चार वर्षं झुंजतोय. त्याचं जाकीट खुंटीला दिसलं होतं तेव्हा दोन दिवस मला अन्न गोड लागलं नव्हतं. आणि तो असला निघाला. मला वाईट वाटायला हवं, पण खरं सांगू? आज सकाळी मी शीळ घालत दाढी केली.

जोनेलला सांगावं का याचा विचार करतोय. तिला कळायला हवं असं मला वाटतं.

सात शेजारी बोलावून काल गाडीची वरची बॉडी चॅसीवरून उचलली. आता चॅसी उघडी पडली आहे, वेल्डिंग सुरू करतो. जोडताना स्क्रू माझ्या वजनाला लावणार. तुम्हीच म्हणालात, चालवणाऱ्याच्या.

वेंडेल


कुकव्हिल
२ जून १९९४

वेंडेल,

उत्तराला उशीर झाला. मुद्दामच केला.

कोण होती ते मला माहीत आहे. तुझ्या बायकोलाही माहीत आहे. तिलाच विचार.

ऑरिन


लोगन्सपोर्ट
१३ जून १९९४

ऑरिन,

आता 'तुम्ही' म्हणायची माझी इच्छा नाही. तू लिहिलंस, बायकोलाही माहीत आहे. मी समजलो, बिचारीला माहीत होतं आणि तिने गिळलं. मला तिची दया आली. अशा गोष्टी माणसाने एकट्याने गिळू नयेत, निदान नवऱ्याने तरी तिला बोलतं करावं, असं वाटलं.

रविवारी चर्चहून आलो. तिने मांस भाजलं होतं. मी हात धरून म्हटलं, हार्लनच्या बाईबद्दल मला कळलंय, लाजू नको, यात तुझा काही दोष नाही. आणि सगळं सांगितलं, काटे, पिशव्या, घण. तिने विचारलं, "किती म्हणालास?" मी आकडा सांगितला. तिने काटा ताटात ठेवला, उठली आणि गॅरेजात गेली. उघड्या चॅसीभोवती एक चक्कर मारली, मागच्या स्प्रिंगांपाशी वाकून बघितलं. स्क्रू मी काढून डब्यात टाकले होते. ते बघून ती आत आली आणि बॅग भरली.

"कुठे चाललीस?"

"बहिणीकडे. इथे मी कुठे आहे, ते तू काट्यावर शोध."

तिच्या बोलण्याचा अर्थ मला कळलेला नाही. आठ दिवस झाले. फोन तिची बहीण उचलते आणि ठेवते. तुला काहीतरी माहीत होतं आणि तू मला गोड बोलून खड्ड्यात ढकललंस. काय ते सरळ लिही.

वेंडेल


कुकव्हिल
२० जून १९९४

वेंडेल,

सरळ लिहितो.

ती बाई जोनेल होती.

गाडी हार्लनने बांधली, पण चालवली तिने. पेरू गावाजवळच्या बंद विमानतळाच्या धावपट्टीवर महिन्यातून एकदा नारिंगी शंकू मांडतात आणि घड्याळ लावून एकेकाला त्यांच्यामधून सोडतात. हार्लनला तिथे दुसऱ्या वळणाला घाम फुटायचा. तो म्हणायचा, मला गाडी ऐकू येते, तिला कळते. सात वर्षं त्या पट्टीवर तिच्या वेळेच्या आसपास कुणी आलं नाही, बाप्येही नाहीत. तू पहिल्यांदा त्या गाडीत बसलास तेव्हा सीट किती पुढे होती? गुडघे मोडून बसला असशील. सहा फुटी माणसाची सीट इतकी पुढे का, हे तुला चार वर्षांत विचारावंसं वाटलं नाही.

लग्नानंतर तिने मला एक खोकं पाठवलं होतं. पोस्टात तूच नेऊन टाकलंस, तुझ्याच अक्षरात पत्ता आहे. तुला वाटलं असणार, हार्लनच्या आठवणी गेल्या घराबाहेर. त्यात सतरा चषक आहेत, सगळ्यांवर जोनेल टॅकेट. हार्लनचं नाव भिंग घेऊन शोधलंस तरी सापडायचं नाही. एका जाकिटावरून तू दोन दिवस अबोला धरलास, तेव्हा तिने ठरवलं की तुला झेपणार नाही, खोक्यातल्या चिठ्ठीत तिने तसं लिहिलं होतं. तुझ्यासाठी तिने स्वतःलाच खोक्यात भरलं.

हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुझ्या मेच्या पत्राला त्याच दिवशी उत्तर दिलं असतं तर हे काही झालं नसतं. दिलं नाही, कारण मला मजा येत होती. भावाची गाडी तुझ्याकडे, भावाची बायको तुझ्याकडे, आणि माझ्या पलंगाखाली खोकं. हार्लन गेल्यावर तिला विचारावं असं माझ्या मनात होतं. वर्ष जाऊ दे म्हटलं, मग दुसरं. चौथ्या वर्षी तुझ्या लग्नाची पत्रिका आली. मी केक कापायच्या आत का निघालो ते आता कळलं असेल. तू मेलेल्यावर जळलास, मी जिवंतावर, एवढाच आपल्यात फरक.

खोकं आज पोस्टात टाकलं, तिच्या नावाने, तिच्या बहिणीच्या पत्त्यावर. ते माझ्याकडे कधीच राहायला नको होतं.

ऑरिन


टेरे हॉट, इंडियाना
३ जुलै १९९४

वेंडेल,

तुझं नऊ पानी पत्र मिळालं, खोकंही मिळालं. तू क्षमा मागितलीस, ती कशाबद्दल मागायची हे तुला नीट कळलेलं नाही, म्हणून लिहिते.

तू हार्लनवर जळायचास ते मला माहीत होतं. त्याची मला सवय झाली होती. खरं तर थोडं बरंही वाटायचं, या वयात आपल्यावरून कुणीतरी जळतंय. मला लागलं ते वेगळंच. तू शनिवारभर मिठाच्या पिशव्या चढवल्यास, उतरवल्यास, पौंड न् पौंड मोजलास. चालवणारी बाई आहे हेही तुला कळलं. मग तू सगळ्या जिल्ह्यातल्या बायका मनातल्या मनात त्या सीटवर बसवून पाहिल्या असशील. माझा संशय आला असता तरी चाललं असतं. तुला मी सुचलेच नाही.

चार वर्षं गाडीत किल्ली तू लावतोस आणि मी दुसऱ्या बाजूने बसते. मी कधी मागितली नाही, ही माझी चूक. तू कधी विचारलं नाहीस, ही तुझी. गाडीकडे बघताना माझ्या चेहऱ्यावर काहीतरी येतं असं तू लिहिलंस. येतं. ते हार्लनसाठी नाही. मला त्या गाडीचा हेवा वाटतो. तिला निदान कुणीतरी ताडपत्रीखालून बाहेर काढलं.

मी परत येईन की नाही ते मला अजून माहीत नाही. तू काही करणार असशील तर रडत करू नकोस, रडून कुणाची चॅसी नीट होत नाही.

जोनेल


लोगन्सपोर्ट
२६ सप्टेंबर १९९४

ऑरिन,

खूप दिवसांनी लिहितो. तुझ्यावरचा राग अजून आहे, तरी हे तुलाच सांगावंसं वाटतं. दुसऱ्या कुणाला कळायचं नाही.

जुलैभर मी चॅसीत डोकं घालून होतो. तू सांगितलंस तसंच वेल्ड केलं, इंचभर इथे, इंचभर तिथे. पट्ट्या बसल्या, नव्या स्प्रिंगा, कडक बुश, पुढे गाडी कलू नये म्हणून जाडजूड आडवा दांडा. बॉडी परत चढवली. सगळं झालं आणि शेवटच्या कामाला अडलो. डब्यातले स्क्रू बसवले, पण लावायचे कसे? जुने आकडे आता बिनकामाचे होते. चॅसी बदलली, स्प्रिंगा बदलल्या, आणि माणूसही आठ वर्षांनी तेवढाच राहत नाही. मिठाच्या किती पिशव्या ठेवायच्या ते मला माहीत नव्हतं. चार वर्षं जिच्या शेजारी झोपलो तिचं वजन मला माहीत नव्हतं.

मी तिला एका ओळीचं पत्र टाकलं. काटे शनिवारी आणतोय, तू बसल्याशिवाय तोल निघणार नाही.

शनिवारी दहा वाजता बहिणीच्या गाडीतून आली. बॅग आणली नव्हती. सीट पुढे घेतली आणि बसली. मी खाली आडवा, ती वर, मध्ये नवी चॅसी. साडेचार तास लागले. मी पाव आटा फिरवायचो, काटे वाचायचो, पुन्हा फिरवायचो. एकदा तिने वरून बजावलं, "आकडा मोठ्याने वाचलास तर मी उतरून चालू लागेन." मी वाचला नाही. तो आकडा मी तुलाही सांगणार नाही. हार्लनकडे एकशे अठ्ठावीस होता, हा माझा आहे. मी किती कोता माणूस आहे बघ, अशा वेळीही हेच सुचतं.

दोन्ही बेरजा सारख्या आल्या तेव्हा मी गाडीखालून बाहेर आलो आणि किल्ली तिच्या हातात दिली. ती म्हणाली, "बघू." एवढंच. त्या रात्री ती टेरे हॉटला परत गेली.

काल धावपट्टीवर शंकू मांडले होते. ती बहिणीला घेऊन परस्पर आली, मी गाडी घेऊन गेलो. नाव नोंदवणाऱ्या म्हाताऱ्याने तिला बघून टोपी काढली आणि मला विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, गाडी मी बांधली. तिने हे ऐकलं. माझ्याकडे बघितलं.

तिने शिरस्त्राण चढवलं, मी दुसऱ्या बाजूचं दार उघडून आत बसलो. मला वाटलं, एवढं केल्यावर तेवढा हक्क आपला. तिने पट्टा आवळला आणि समोर बघत म्हणाली, "वेंडेल, उतर. तू बसलास की तोल जातो."

हसून म्हणाली नाही आणि रागानेही नाही. पाऊस येतोय म्हणावं तसं म्हणाली. मी उतरलो.

बघ्यांच्या दोरीमागे जाऊन उभा राहिलो. डेलबर्ट होता. तो म्हणाला, "जरा डावीकडे सरक, तिथून शेवटचं वळण दिसतं. हार्लन तिथेच थांबायचा."

ऑरिन, चार वर्षं मी त्या माणसाच्या जागेवर जळलो. मला वाटायचं ती जागा घरात कुठेतरी आहे, पलंगावर, जेवणाच्या टेबलाशी, तिच्या मनात, आणि मला तिथे कुणी बसू देत नाही. ती जागा दोरीच्या बाहेर होती, डावीकडे, गवतात. उभं राहायची जागा.

झेंडा पडला. पहिल्या वळणात तिने वेग न तोडता गाडी घातली. डावं, उजवं, डावं, दोन्हीकडे सारखीच. एकही शंकू हलला नाही. शेवटच्या वळणातून ती माझ्यासमोरून गेली आणि मला तिचा चेहरा दिसला. तोच चेहरा, जो माझ्याकडे बघताना कधी दिसत नाही. ती माझ्याकडे बघतच नव्हती. मी लावलेल्या स्क्रूंवर, मी जोडलेल्या लोखंडावर बसून ती जात होती, आणि त्या लोखंडाचा मला असा हेवा वाटला की दोरी घट्ट धरून उभा राहिलो.

घड्याळवाल्याने वेळ पुकारली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. मी वाजवल्या नाहीत, माझे हात दोरीवर होते. ती गाडी वळवून परत रांगेत गेली आणि खिडकीतून हात बाहेर काढून चार बोटं दाखवली. अजून चार फेऱ्या. मी तिथेच उभा राहिलो, डावीकडे.

वेंडेल